देवीडॉक्टर मोटारसायकल शिकतात

सत्यवान चिंदरकर सोलकढीचा शेवटचा घोट घेत होता, तेव्हा खात्याची लॉरी त्याच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली आणि चार माणसांनी मिळून एक हिरवी मोटारसायकल खाली उतरवली. बरोबरच्या शिपायाने सहीसाठी कागद पुढे केला. सत्यवान आत गेला, हात धुतले, कोट चढवला, आणि मगच बाहेर आला. बनियनवर उभे राहून सरकारी कागदावर सही करणे त्याला आयुष्यात जमले नव्हते.

कागदात लिहिले होते की, देवीची साथ समूळ घालवण्याच्या कामासाठी हे वाहन आपल्या ताब्यात देण्यात येत आहे. तरी आपण तीन महिन्यांत चालवण्याचे लायसन्स मिळवावे. न मिळाल्यास आपली बदली, जेथे वाहनाची जरूर नाही अशा ठिकाणी करण्यात येईल. शेवटच्या वाक्याखाली कोणीतरी लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती. जेथे वाहनाची जरूर नाही असे ठिकाण म्हणजे नेमके कोणते, यावर सत्यवानने बराच विचार केला. त्याला फक्त मसणवट सुचली.

तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. अठरा वर्षे कट्टा गावाच्या आसपासच्या वाड्यांतून पायी नाहीतर सायकलने फिरून तो पोरांना देवी टोचत होता. लोक त्याला देवीडॉक्टर म्हणत. आपण डॉक्टर नाही, हे तो प्रत्येक नव्या माणसाला एकदा सांगे. त्या माणसाने पुन्हा डॉक्टर म्हटले, की मात्र गप्प बसे. सत्यालाही मर्यादा असते.

"ह्यां परत धाडूक येणा नाय?" त्याची बायको सुगंधा दारातूनच म्हणाली.

"सरकारी वस्तू परत धाडूची तर अर्ज करूचो लागता."

"मगे करा."

"अर्ज तालुक्याक जावन देवचो लागता. थंय जावक वाहन व्हया."

सुगंधा आत गेली आणि देवासमोर दिवा लावला. दुपारचे दोन वाजले होते.

संध्याकाळपर्यंत अख्खा कट्टा खळ्यात येऊन गेला. गावात मोटारसायकल चालवलेला माणूस एकच होता आणि सल्ला देणारे अडीचशे. शिवाय प्रत्येक सल्ल्याच्या मागून एक मढे येत होते. बाजारातला मडकीवाला गणपत म्हणाला, की वळणावर कधी वळू नये, त्याचा मावसभाऊ वळणावरच गेला. कोणाचा व्याही रेडीला खनिजाच्या लॉरीखाली सापडला होता, म्हणून लॉरी दिसली की झाडावर चढावे. गाडीचे काय करावे, ते मात्र त्याने सांगितले नाही. कोणाचा जावई नुसता उभ्या मोटारसायकलवर बसला होता, आणि तरीही गेला. पुढे कळले की त्याला कावीळ होती. रात्रीचे जेवण सत्यवानला गेले नाही. आपण शिकण्याआधीच आपले तेरावे चालू आहे, असे त्याला वाटू लागले.

सगळ्यात शेवटी शेजारची हौसाबाई आली. साठीची विधवा, तिच्या पडवीत तिचा धाकटा भाऊ बाबली राहत असे. गावात मोटारसायकल चालवलेला एकमेव माणूस तो हाच.

"माझ्या भावाकडे बघ, सत्यवाना," ती म्हणाली. "सात वर्सा लढाईत ऱ्हवलो, आंगार ओरखडो नाय. आनी तळेऱ्याक येवन म्हशीक आपाटलो. म्हस मेली. ह्येचो पाय गेलो. तू ह्या लोखंडाक हात लावू नको."

बाबली परब कुबडीवर रेलून मागेच उभा होता. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. वाळवंटात बॉम्ब पडत असताना तो मोटारसायकलवरून पलटणीची पत्रे पोचवत असे. बहिणीचे बोलणे त्याने शांतपणे ऐकून घेतले, मग गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवर हात फिरवला, आणि वाकून चाकाचा वास घेतल्यासारखे केले.

"डॉक्टरांनु, मी शिकवीन," तो म्हणाला. "पण एक सांगतंय. जमिनीर आसात तवसर तुमी डॉक्टर. गाडीर बसलात काय तू."

सत्यवानला हे लागले. अठरा वर्षांत कट्ट्यात हौसाबाई सोडली तर त्याला कोणी एकेरी हाक मारली नव्हती. पण बदलीच्या वाक्याखालची लाल रेघ त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्याने मान हलवली.

शिकण्याचाही परवाना लागतो. लायसन्सचा साहेब महिन्यातून एकदा सावंतवाडीला येई. सत्यवान दोन एष्ट्या बदलून तिथे गेला आणि खिडकीपलीकडच्या कारकुनासमोर शुद्ध मराठीत उभा राहिला.

"शिकवणारा कोण?" कारकुनाने विचारले.

"बाबली परब. लष्करात होते. लायसन्स आहे त्यांच्याकडे."

"त्यांना घेऊन या."

"त्यांना एष्टीत चढायला त्रास होतो, साहेब. एकच पाय आहे."

कारकुनाने टाक खाली ठेवला. "एका पायाचा माणूस मोटारसायकल शिकवणार?"

"शिकायचं मला आहे. मला दोन आहेत."

कारकुनाने फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. त्यात पायांचा रकाना नव्हता. त्याने वरच्या साहेबांना विचारले. वरच्या साहेबांनी नियमांचे पुस्तक मागवले. पुस्तक ज्याच्याकडे होते तो रजेवर होता. चार तासांनी शिक्का बसला. वर शेरा होता: 'शिकवणारा अपंग. शिकणारा तूर्त नाही.' त्या 'तूर्त' या शब्दाकडे बघत सत्यवान परतीच्या एष्टीत बसला.

गावाबाहेरच्या सड्यावर शिकवणी सुरू झाली. काळ्या कातळाचे ते मोकळे माळरान. सावलीला एक झाड नाही. पहिल्या दिवशी बाबलीने गाडी आडवी पाडायला लावली आणि म्हणाला, "उचल."

सत्यवानने उचलली.

"पाड."

तीन दिवस हेच चालले. सत्यवानचे कंबरडे मोडले. गुराख्यांनी गावात बातमी नेली, की देवीडॉक्टर सड्यावर गाडीशी कुस्ती खेळतात आणि हरतात. सुगंधाने त्याच्या जुन्या हॅटमध्ये काथ्या भरून ती हनुवटीखाली बांधायला नाडी लावून दिली होती. ती घातली की तो बुजगावण्यासारखा दिसे. चौथ्या दिवशी त्याने ती घरी ठेवली, तर बाबलीने त्याला घरी पाठवले. "दुसरा डोक्या मिळणा नाय," तो म्हणाला. "मिळत आसता तर मी पाय नसतो हाडलो?"

मग चालवणे आले. बाबली मागे बसे, कुबडी बंदुकीसारखी पाठीला बांधून, आणि सत्यवानच्या कानात तोफखाना चालू करी.

"मेल्या, इतको घट कित्याक धरतस? हातान हलको धर... उताराक बिरेक मारू नको, गेर खाली घे! ही लाल खडी. बिरेक मारलस काय मागचा चाक तुझ्या फुडे जाताला... खंय बघतस? दगडाकडे कित्याक बघतस? जंय नदर थंय गाडी!"

एकदा दम खायला थांबले असताना सत्यवानने भीतभीत विचारले, की ती म्हैस एकदम आडवी आली होती का.

"नाय," बाबली म्हणाला. "कडेक उभी होती गरीब. मी तिच्याकडे बघलंय. बघीतच ऱ्हवलंय. नदर जाता थंय गाडी जाता, ह्यां मी शंभर पोरांका शिकवलेला. तरी बघलंय." त्याने कुबडीचे टोक कातळावर घासले. "आनी तीन म्हयन्यांची गाभण होती ती, डॉक्टरांनु."

बाबली पायाविषयी कधी बोलत नसे, आणि आता बोलला तो म्हशीविषयी.

महिन्याभराने, बाजाराच्या दिवशी, बाबलीने गाडी रस्त्यावर काढायला लावली. सगळे ठीक चालले होते. पण गणपतने मडक्यांची उतरंड अगदी कडेला रचली होती आणि सत्यवानने तिच्याकडे पाहिले. पुढचे त्याच्या हातात राहिले नाही. मडकी मोजून सव्वीस फुटली. बाबली उडून पेंढ्यात पडला, सत्यवान मडक्यांत. बाजार आधी गप्प झाला, मग हसला. गणपत मात्र हसला नाही. "मडका मयताक फोडतत, डॉक्टरांनु," तो म्हणाला, "सव्वीस खंयच्या मयतांक फोडलात?" सत्यवान उठला, कोटावरची खापरे झटकली, हॅट सरळ केली, आणि उरलेल्या मडक्यांकडेही न बघता गाडी ढकलत घरी गेला. पुढे आठ दिवस तो देवी टोचायला आडवाटेनेच गेला.

पहिल्या परीक्षेत तो नापास झाला. वळताना हात बाहेर काढून दाखवायचा असतो. सत्यवानने हात काढला, पण तो परत दांडीवर ठेवायला विसरला आणि तसाच, कोणाला तरी निरोप देत असल्यासारखा, साहेबांच्या खुर्चीजवळून पुढे निघून गेला. दुसऱ्या परीक्षेत मात्र त्याने दगडांमधून आठाचा आकडा काढला, चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू केली, आणि उतरल्यावर साहेबांना नमस्कार केला. "फारच सावकाश चालवता," साहेब म्हणाले. "पण पास. लायसन्स पोस्टाने येईल."

त्या रात्री बाबलीने हौसाबाईला तळलेला बांगडा करायला सांगितले आणि सत्यवानला जेवायला बोलावले. बाबली फारसा बोलला नाही. जेवताना मधूनच त्याच्याकडे बघून हसत होता, एवढेच.

लायसन्स यायच्या आतच, वैशाखात, ते घडले.

सत्यवान वाडीवरून परत आला तेव्हा अकरा वाजले होते. हौसाबाईच्या पडवीत माणसे जमली होती. बाबली खाटेवर पडला होता आणि त्याच्या उरलेल्या पायाला घोट्यापर्यंत हिरव्या पाल्याचा लेप थापलेला होता. सकाळी आठच्या सुमारास काजूच्या झाडाखालची लाकडे गोळा करताना त्याला फुरसे चावले होते. गावातला उतारा देणारा गंगाराम मंत्र म्हणून गेला होता आणि दुपारपर्यंत जाग्यावरून हलवू नका, असे सांगून गेला होता.

सत्यवान डॉक्टर नव्हता. पण बाबलीच्या हिरड्यांतून रक्त येत होते, आणि त्याचा अर्थ त्याला कळत होता.

"मालवणाक इंजेक्शन आसा," तो म्हणाला. "आताच्या आता जावक व्हया."

सकाळची एष्टी गेली होती. पुढची तीनला. गावातली एकुलती लॉरी कुडाळला गेलेली. सगळ्यांनी सत्यवानच्या खळ्याकडे पाहिले.

त्याच्याकडे लायसन्सचा कागद नव्हता. सरकारी गाडीवर खाजगी माणूस बसवायची परवानगी नव्हती. तो मागे वळला, घरी गेला, हॅट घेतली, आणि ती आणून बाबलीच्या डोक्यावर बांधली. हौसाबाईने आपले जुने लुगडे काढून भावाला सत्यवानच्या पाठीशी घट्ट आवळले. गाठ तीनदा सुटली.

मालवण नऊ मैल. रस्ता लाल खडीचा, मधे दोन उतार. सत्यवानने गाडी दुसऱ्या गिअरात घातली आणि त्याला वाटले, आज जोरात न्यायची. पाठीमागून खांदा दाबला गेला.

"सावकास," बाबली म्हणाला. "दोघांव मेलाव तर इंजेक्शन कोणाक देतले?"

नांदोसच्या पुढे वळणावर त्याने नेहमीसारखे सुनावले, "गेर, गेर! झोपलस?" सत्यवानला बरे वाटले. जोवर शिव्या येत आहेत तोवर माणूस आहे. चौके गावापाशी गुरांचा कळप रस्ता ओलांडत होता. तो थांबला, हॉर्न दिला नाही, आणि शेवटचे वासरू जाईपर्यंत समोरच्या मोकळ्या रस्त्याकडेच पाहत राहिला. "बरा केलस," बाबली म्हणाला. त्याने एवढे कौतुक पूर्वी कधी केले नव्हते. सत्यवानच्या सदऱ्याच्या खांद्यावर काहीतरी ओले, कोमट लागत होते. त्याने मान वळवली नाही.

कुंभारमाठाजवळ बाबली पुन्हा बोलला. आवाज अगदी मऊ होता.

"डॉक्टरांनु, जरा थांबतास? माका तान लागली."

धावत्या गाडीवर बाबलीने त्याला कधीच डॉक्टर म्हटले नव्हते. रस्त्याकडेला एक घर होते, अंगणात विहीर होती, बाई पाणी शेंदत होती. तो थांबला नाही. "इलाव, आता इलाव," एवढेच म्हणत राहिला, आणि उतारावर ब्रेक न लावता, गिअर खाली घेऊन, हलक्या हाताने त्याने गाडी मालवणात नेली. त्याने आयुष्यात इतकी बिनचूक गाडी चालवली नव्हती. ती पाहायला शिकवणारा शुद्धीवर नव्हता.

इंजेक्शन होते. दिले. बाबली तिसऱ्या दिवशी गेला. लघवी बंद झाली होती, मूत्रपिंडे गेली होती, असे डॉक्टरांनी शुद्ध मराठीत सांगितले. "विष फार वेळ अंगात राहिलं. अर्ध्या तासाने फरक पडला नसता."

कट्ट्यात मात्र फरक पडला होता. नऊ मैलांना देवीडॉक्टरांनी एक घंटा लावला, हे एष्टीच्या कंडक्टरपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना माहीत झाले. "मयत नेतत तसो नेल्यान बाबलीक," गणपत म्हणाला. तो हे सत्यवानसमोर म्हणाला नाही, पण त्याला ऐकू जाईल इतक्या अंतरावर म्हणाला. सत्यवानने गाडीवर गोणपाट टाकले आणि सायकल काढली. सुगंधा त्याला रोज सांगे, लोकांचे मनावर घेऊ नका. तो लोकांचे मनावर घेत नव्हता. त्याच्या मनात फक्त ती विहीर होती.

खात्याचा मेमो आला: सरकारी वाहनावरून, लायसन्स नसताना, खाजगी इसमास नेल्याचे कळते, खुलासा करावा, प्रवाशाचे नाव व हुद्दा कळवावा. सत्यवानने कोट घातला आणि खुलासा लिहायला बसला. नाव: बाबली परब. हुद्द्यापाशी त्याचा टाक बराच वेळ अडला. शेवटी त्याने लिहिले, 'शिकवणारा.' दुसऱ्या दिवशी पोस्टाने लायसन्स आले. त्याने ते न वाचता पेटीत ठेवले.

बाबलीच्या बाराव्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी हौसाबाई त्याच्या खळ्यात आली. इस्पितळातून निरोप होता, मृत्यूच्या कागदावर तिचा अंगठा हवा होता.

"गाडी काढ," ती म्हणाली.

"काकी, एष्टी आसा. आनी सरकारी गाडीर खाजगी माणूस..."

"काढ म्हणतंय."

त्याने गोणपाट काढले. दोघे गाडी ढकलत बाजारापर्यंत गेली. तिथून रस्ता सपाट होता. माणसे थांबून बघू लागली. हौसाबाईने लुगड्याचा काष्टा नीट केला आणि गाडीच्या मागच्या बैठकीवर हात ठेवला.

"आजये, एष्टी येतलीच आता," गणपत पुढे येऊन म्हणाला. "ह्येच्याबरोबर कित्याक जातस? ह्येका नऊ मैलांक घंटो लागता."

हौसाबाई त्याच्याकडे वळली. "फुरसा चावला आठाक," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण बाजार गप्प झाला होता. "अकरा वाजापर्यात मी तेका घरात धरून ठेवलंय. तो सांगी होतो, मालवणाक ने. मी म्हटलंय, गंगारामान हलवूक नको सांगल्यान. ह्येचो एक घंटो मोजतस, गणपता. माझे तीन कोण मोजतलो?"

ती गाडीवर एका बाजूने बसली.

"एष्टी धावता," ती सत्यवानला म्हणाली. "माका सावकास जावचा आसा. तो खंय काय बोललो, तां माका थंय थंय सांग."

सत्यवानने गाडी सुरू केली. नांदोसच्या वळणावर त्याने सांगितले, "हयसर म्हणालो, झोपलस काय." ती हसल्यासारखी झाली. चौक्याला त्याने गाडी हळू केली. "हयसर म्हणालो, बरा केलस."

"असा म्हणालो?"

"म्हणालो."

मागून एष्टी आली, हॉर्न देऊन पुढे गेली, धुरळा उडाला. त्याने कडेला थांबून तो बसू दिला आणि मग निघाला.

कुंभारमाठाजवळ तो थांबला. इंजिन बंद केले. रस्त्याकडेला ते घर होते, विहीर होती. अंगणात कोणी नव्हते.

"हयसर तेका तान लागली होती," तो म्हणाला. त्याला मागे वळता येईना. "माका म्हणालो, डॉक्टरांनु, जरा थांबतास. मी थांबलंय नाय, काकी."

हौसाबाई उतरली, रस्ता ओलांडून त्या घराच्या दारात गेली आणि हाक मारली. घरातल्या बाईने पाण्याचा तांब्या आणून दिला. हौसाबाईने अर्धा तिथेच उभ्याने प्यायला, आणि उरलेला घेऊन परत आली.

"पी," ती म्हणाली. "आनी चल."